अकरा चौकोन

लता काटकर भित्री होती असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी दिल्ली कॅन्टच्या मागच्या रिजवर, म्हणजे तिथल्या खडकाळ टेकाडावर, नेऊन सोडायला हवं. काट्यांनी भरलेलं ते रान. विलायती कीकर म्हणजे आपली वेडी बाभूळ, ती एकमेकींत अशी गुंतलेली की शेळीसुद्धा विचार करून आत शिरेल. त्या रानात ही तेवीस वर्षांची पोरगी हातात टेप आणि वही घेऊन एकटी फिरायची. नीलगाय समोर उभी ठाकली तर "हट् गं!" म्हणून हाकलायची. एकदा पायाजवळून साप सळसळत गेला, तर बाईंनी उभ्याउभ्या घड्याळ बघून वहीत वेळ टिपून ठेवली. अशी ही लता. आणि तीच लता युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर सान्यालांच्या खोलीसमोर आली, की तिची चाल बदलायची. दार उघडं असलं तरी ती भिंतीच्या कडेकडेनं पुढे सटकायची.

सान्यालसर तिचे गाइड. पंच्याऐंशीच्या जुलैत तिचं पीएच.डी.ला नाव लागलं, तेव्हा सरांनी एवढंच सांगितलं, "काम शुरू कीजिए, फिर बात करेंगे." दुसऱ्या कुणी पोरानं त्याचा अर्थ घेतला असता की आठवड्यानं जाऊन डोकं खायचं. लतानं तो घेतला नाही. तिला सवयच वेगळी होती.

तिचे वडील सुभेदार मल्हारी काटकर. फलटणजवळच्या खेड्यातून फौजेत भरती झालेला माणूस, अठ्ठावीस वर्षांची नोकरी. लता वाढली ती एकापाठोपाठ एक फौजी क्वार्टरांत. तिथं लहान पोरालाही दोन गोष्टी ठाऊक असतात. एक, साहेबानं बोलावल्याशिवाय साहेबापुढं जायचं नाही. जो आपण होऊन जातो त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं. आणि दोन, साहेबानं विचारलं "क्या हाल है?" तर उत्तर एकच, "सब ठीक है, साब." तंबू उडून गेला असला तरी सब ठीक. आधी सब ठीक म्हणायचं, मग गुपचूप तंबू शोधायला पळायचं. घरातसुद्धा तेच. हौसाबाईंना, म्हणजे लताच्या आईला, ताप भरलेला असायचा आणि नवरा ड्यूटीवरून आला की त्या म्हणायच्या, "काही नाही, बरी आहे की."

असल्या घरातली पोरगी गाइडच्या खोलीत जाऊन "सर, मला जमत नाहीये" म्हणेल? छे! तिनं ठरवलं, काम पूर्ण करायचं, स्वच्छ अक्षरात उतरवायचं, फाइल लावायची, आणि मग सर बोलावतील तेव्हा पुढं ठेवायची. सर वाट बघत होते ही येईल म्हणून. ही वाट बघत होती सर बोलावतील म्हणून. असे आठ महिने गेले हो! आज हसू येतं, पण तेव्हा तिच्या जिवाचं पाणी होत होतं.

तिचं काम सांगायला सोपं. वेड्या बाभळीच्या सावलीत दुसरं काय उगवतं आणि किती, ते मोजायचं. त्यासाठी तिनं रिजवर पाच-पाच मीटरचे चोवीस चौकोन आखले. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या, खुंट्यांची टोकं पांढरी रंगवली. महिन्यातून एकदा प्रत्येक चौकोनात गुडघ्यावर बसून ती एक-एक रोप मोजायची. घरी कुणी विचारलंच तर "रानात काम असतं." त्यापुढं घरी कुणी विचारत नसे, आणि तीही सांगत नसे.

नोव्हेंबरात दिवाळीनंतर मायलेकी आठवडाभर गावी गेल्या, चुलतभावाच्या लग्नाला. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी लता रानात गेली आणि जागीच थबकली. रस्त्याकडच्या अंगाला रानच नव्हतं. झाडं तोडून, मुळं खणून, जमीन झाडून काढली होती. कडेनं चुन्याची रेघ मारली होती. चोवीस चौकोनांपैकी अकरा गेले होते, खुंट्यांसकट. ती तिथं किती वेळ उभी होती तिला कळलं नाही. आधी वाटलं आपणच वाट चुकलो.

त्या दिवशी जेवताना उलगडा झाला. आबांनी, म्हणजे सुभेदारांनी, भाकरी मोडता मोडता हौसाबाईंना सांगितलं, "मोठे साहेब इन्स्पेक्शनला येऊन गेले. आमच्या पोरांनी दोन दिवसांत रस्त्याकडचं अख्खं रान साफ केलं. मी उभा राहून करून घेतलं. साहेब खूश!" आबा इतके आनंदात क्वचित असायचे. निवृत्तीला पाच महिने उरले होते, आणि शेवटच्या वर्षी शाबासकी मिळाली होती.

लतानं हातातला तुकडा ताटात परत ठेवला. बोलावं तर कसं? माझं काम तुम्ही उपटून टाकलंत म्हणावं? सरांना जाऊन सांगावं तर सर विचारणार, कुणी तोडलं? मग सर पत्र लिहिणार, पत्र युनिटात जाणार, आणि सुभेदार काटकरांच्या मुलीनं तक्रार केली म्हणून आबांची पेशी होणार. तिच्या डोळ्यांपुढं टोपी-पट्टा उतरवून साहेबाच्या टेबलासमोर उभे असलेले आबा आले. ती पाणी प्याली आणि मूग गिळून बसली.

त्याच आठवड्यात जिन्यावर सान्यालसर समोरून आले. "लता, कैसा चल रहा है?"

"सब ठीक है, सर."

सर मान हलवून खाली उतरून गेले. लता कठड्याला धरून उभी राहिली. डिसेंबरात सरांनी पुन्हा विचारलं, पुन्हा सब ठीक. जानेवारीत विचारलं, सब ठीक. बाई, अगं एकदा तरी तोंड उघडायचंस! पण एकदा ठीक म्हटलं की दुसऱ्यांदा बिघडलं म्हणणं किती अवघड होऊन बसतं, हे ज्यानं म्हटलंय त्यालाच ठाऊक.

आणि मग तिनं ते केलं, ज्याची तिला पुढं आयुष्यभर लाज वाटली. लायब्ररीत बसून तिनं त्या अकरा चौकोनांचे आकडे बनवले. आधी पेन्सिलीनं, नुसतं बघू कसं दिसतं म्हणून. शेजारच्या चौकोनात सतरा रोपं, तर इथं पंधरा. तिथं नऊ, तर इथं अकरा. फेब्रुवारीत फाइल स्वच्छ उतरवताना त्या आकड्यांवर शाई चढली. कोष्टक पूर्ण दिसायला लागलं, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी दचकायची. बसमध्ये धौला कुआंच्या थांब्यावर दोन माणसं इंग्रजीत काही बोलली तरी तिला वाटायचं, आपल्याचबद्दल. हौसाबाई म्हणायच्या, "काय गं, भूत बघितल्यासारखी काय करतेस? दृष्ट काढू का?"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डिपार्टमेंटच्या फळ्यावर नोटीस लागली. ज्या विद्यार्थ्यांचा गाइडच्या सहीचा प्रगती अहवाल येत्या चौदा तारखेपर्यंत ऑफिसात येणार नाही, त्यांचं रजिस्ट्रेशन रद्द होईल. खाली तीन नावं. तिसरं तिचं.

आता हिशेब सरळ होता. एप्रिलअखेर आबा निवृत्त, क्वार्टर सोडायचं, आईवडील गावी. लताला दिल्लीत राहायचं तर होस्टेल हवं, होस्टेलला रजिस्ट्रेशन हवं, आणि रजिस्ट्रेशनला सान्यालसरांची सही. सही नाही तर ट्रंकांबरोबर तीही फलटणला. तिथं साखर कारखान्यातला एक मुलगा मावशीनं हेरून ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता बिचारा. पण लताला रान मोजायचं होतं, आणि ते दिल्लीत होतं.

सोमवारी ती फाइल घेऊन गेली आणि दारावरून परत आली. मंगळवारी तेच. बुधवारी बाहेरच्या बाकावर तास-दीड तास बसली. शेवटी बन्सीलाल शिपाई वैतागला. "अरे बेटी, दरवाज़ा तो रोज़ खुला रहता है. अंदर जाओ ना!" असं म्हणून त्यानं दार आणखी ढकललं, आणि आतून सरांनी वर बघितलं. मग काय, पळायला जागाच उरली नाही.

सर डब्यातले मुरमुरे खात होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली, टाचा जुळवून. फाइल टेबलावर ठेवली. सरांनी डबा बाजूला सारला, हात झटकले, आणि पानं उलटायला लागले. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता.

सर कोष्टकाशी थांबले. बोट एका ओळीवरून खाली सरकत गेलं. खऱ्या तेरा ओळी संपल्या आणि बोट चौदाव्या ओळीवर आलं. ती बनवलेली. बोट थांबलं.

"बहुत साफ़ काम है," सर म्हणाले. "मैं सोचता था आप कुछ कर ही नहीं रहीं." आणि त्यांनी खणातून अहवालाचा छापील कागद काढला, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं.

झालं होतं काम! अजून दोन सेकंद तोंड मिटून उभी राहिली असती तर सही झाली असती, होस्टेल मिळालं असतं, कुणाला कधी कळलंही नसतं. तिला हे सगळं त्या क्षणी दिसत होतं. आणि हेही दिसत होतं की ही सही झाली की या माणसासमोर आपण जन्मभर असेच, टाचा जुळवून, घाबरलेले राहणार. पुढचं प्रत्येक पान या अकरा ओळींवर उभं राहणार. कुठली भीती मोठी, एवढाच प्रश्न होता.

"सर," ती म्हणाली. "ये ग्यारह मैंने बनाए हैं."

"मतलब?"

"गिने नहीं हैं. वो जगह कट गई थी. नवंबर में."

सरांनी टोपण परत लावलं. तो टक्कन झालेला आवाज तिला पुढं कित्येक वर्षं ऐकू यायचा. सर ओरडले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "तीन बार मैंने पूछा था. तीन बार आपने क्या कहा?" तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि डोळे पुसायला हात वर करावा की करू नये हेही तिला सुचत नव्हतं.

सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि अकराच्या अकरा ओळींवर एक-एक सरळ रेघ मारली. काही दयामाया नाही. म्हणाले, असं पुन्हा एकदा झालं तर मीच तुमचं नाव काढायला सांगेन. बनवलेला आकडा ही या खोलीतली एकमेव अक्षम्य गोष्ट आहे. बाकी काहीही घेऊन या, मोडलेलं, फसलेलं, अर्धवट. त्यासाठीच मी इथं बसतो. मग त्यांनी विचारलं, तोड कुठल्या तारखेला झाली, किती माणसांनी केली, मुळं खणली की नुसती छाटली, आणि तुमचे चौकोन तिथं नेमके कुठं होते? तोडलेल्या जागेत आता काय उगवतंय ते तरी बघितलंत का? लतानं नकारार्थी मान हलवली. तिनं नोव्हेंबरानंतर तिकडं पाऊल टाकलं नव्हतं.

"शुक्रवार तक ये सब लिखकर लाइए," सर म्हणाले. "फिर देखूँगा. और जो मालूम न हो, वहाँ लिखिए कि मालूम नहीं."

शुक्रवार म्हणजे चौदा तारीख. मधे एक दिवस. आणि ते सगळं ठाऊक असलेला माणूस एकच, तो घरी बसून काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं स्वतःचं नाव लिहीत होता.

बस कॅन्टला पोचेपर्यंत लताचं धाबं दणाणलेलं होतं. सरांपुढं बोलून झालं, पण सर परके. हे आबा. घरात शिरल्यावर तिनं चप्पलही काढली नाही, नाहीतर धीर सुटला असता. "आबा, दिवाळीनंतर जे रान तुम्ही साफ केलंत, त्यात पांढऱ्या टोकाच्या खुंट्या होत्या. त्या माझ्या होत्या."

आबांचा ब्रश हवेतच राहिला. हौसाबाई चुलीपासून वळल्या.

"तुझ्या?"

"माझ्या अभ्यासाच्या. चव्वेचाळीस खुंट्या. सरांनी विचारलंय, कधी तोडलं, कुणी तोडलं. लिहून द्यायचंय."

तिला वाटलं होतं आबा भडकतील. चार महिने तोंड शिवलं होतं का म्हणतील. पण आबांचा चेहरा उतरला. अठ्ठावीस वर्षांचा फौजी, दोन लढाया बघितलेला, आणि त्याच्या हातातल्या ब्रशाचा रंग फरशीवर ठिबकत होता. "साहेब... म्हणजे तुझे सर, रागावलेत का गं?" त्यांनी विचारलं. "वर लिहितील का काही? दीड महिना राहिलाय माझा."

लता बघतच राहिली. ही भीती ती ओळखत होती. ती आपली एकटीची आहे, आपणच नेभळट आहोत, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

"खुंट्या मी बघितल्या होत्या," आबा खाली बघत म्हणाले. "इतक्या नीट ठोकलेल्या. वाटलं, कुणाच्या तरी कामाच्या असतील, विचारावं. पण वरून हुकूम होता. कोण विचारत बसतं?"

"विचारलं असतंत तर पोरीचं वर्ष वाचलं असतं," हौसाबाई म्हणाल्या. "आणि तू गं, तुला जीभ नव्हती? दोघं एका ताटात जेवता आणि एकमेकांना काही सांगत नाही. धन्य आहे बाई तुमची!" एवढं बोलून त्यांनी भाकरी उलटली. घरात यावर इतकं स्पष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक रानात गेले. आबांनी नव्या खुंट्या स्वतः तासून आणल्या होत्या. मोकळ्या जमिनीवर आता गुडघाभर काहीबाही उगवलं होतं, आणि त्यात बाभळीचे कोंब तर होतेच, पण लतानं या रानात कधी न बघितलेली दोन-तीन रोपंही होती. ती वाकून बघायला लागली तशी भीती पहिल्यांदाच जरा मागं सरकली. आबा पावलं मोजत चालत होते. "ही पाण्याची पाइप. इथून बारा पावलांवर तुझा एक होता. इथं वारूळ, त्याला लागून दुसरा." त्यांना तारीख आठवत होती, जवानांची संख्या आठवत होती, कुदळी किती होत्या ते आठवत होतं. त्यांनी बोट दाखवायचं आणि लतानं खुंटी ठोकायची. असे नऊ चौकोन सापडले.

उरलेल्या दोनसाठी आबा ऊन चढेपर्यंत फिरले. एका जागी थांबले, पाय आपटून बघितला, पुढं गेले, परत आले. "इथं असेल," म्हणाले. लतानं खुंटी हातात घेतली. "असेल की होता, आबा?"

आबांनी घाम पुसला. मग म्हणाले, "नाही आठवत मला."

शुक्रवारी सान्यालसरांनी कागद पूर्ण वाचला. तारीख, सुभेदारांचं नाव, नऊ जागांचा नकाशा. मग बोट शेवटच्या ओळीवर ठेवून विचारलं, "और ये दो?"

"मालूम नहीं, सर. मेरे पिताजी को भी याद नहीं." या वेळी ती खुर्चीवर बसली होती.

सरांनी अहवालावर "प्रगती असमाधानकारक, काम पुढे चालू ठेवण्याची शिफारस" असं लिहिलं आणि खाली सही केली. म्हणाले, दर सोमवारी अकरा वाजता यायचं, हातात काही असो वा नसो.

लता घरी आली तेव्हा आबा फाटकाशीच उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. "त्या दोनचं विचारलं का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"विचारलं. मी सांगितलं, तुम्हाला आठवत नाही."

"माझं नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

आबा पायरीवर बसले. "मग?"

"मग काही नाही. सही केली."

जेवताना हौसाबाईंनी होस्टेलचं विचारलं, अंथरूण कुठलं द्यायचं, पातेली किती द्यायची. लता सांगत होती. आबांचं लक्ष नव्हतं. हातातला घास तसाच धरून त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, "काहीच म्हणाले नाहीत?"